आम्हाला न विचारता आमचा नंबर हलवू नका

प्रति,
अध्यक्ष, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली
सचिव, दूरसंचार विभाग, भारत सरकार
आणि मुंबई व महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये सेवा देणाऱ्या सर्व मोबाइल कंपन्या

महोदय,

१ जुलै २०२४ पासून पोर्टिंगच्या, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याच्या, नियमांत तुम्ही एक अट घातलीत. सिम बदलून घेतले की पुढचे सात दिवस त्या नंबरला पोर्टिंगचा कोड मिळत नाही. अट चांगली आहे. चोर आधी डुप्लिकेट सिम काढायचा, त्यावर कोड मागवायचा आणि नंबर दुसऱ्या कंपनीत घेऊन जायचा. तो रस्ता या अटीने अडला. पण मूळ मालकाच्या चालू सिमवरूनच कोड काढून घेतला, तर सिम बदललेच जात नाही आणि सात दिवसांचा प्रश्नच येत नाही. पुढच्या दाराला कुलूप लावले, मागचे दार सताड उघडे. हे पत्र त्या मागच्या दाराबद्दल आहे. ते उघड लिहितो आहोत, कारण जे तुम्हाला सांगायचे आहे ते ग्राहकांनाही ठाऊक असायला हवे.

आम्ही ग्राहक आहोत, आणि दहा आकडी नंबरावर आमचे काय काय टांगलेले आहे याची पुरती कल्पना आम्हाला आहे. बँकेचा ओटीपी या नंबरावर येतो, आधारचाही. शेतकऱ्याचा महाडीबीटीचा अर्ज, नोकरदाराचा भविष्य निर्वाह निधी, आयकराचे विवरणपत्र, डिजिलॉकर, डीमॅट, व्हॉट्सॲप, सगळ्यांची किल्ली एकच. त्यात एक गाठ फार कमी लोकांच्या लक्षात येते. यूपीआयचा पिन विसरला तर तो डेबिट कार्डाशिवाय, आधारच्या ओटीपीवरही नव्याने लावता येतो. म्हणजे नंबर ज्याच्या हाती, बँकेचा ओटीपी त्याच्याकडे आणि आधारचाही त्याच्याकडेच. दोन कुलपे म्हणून जी दाखवली जातात, त्यांची किल्ली एका सिमवर असते. कार्ड आणि पासबुक घरात सुरक्षित असूनही खाते रिकामे होते ते यामुळेच.

आता प्रक्रिया. ती तुम्हाला पाठ आहे, पण वाचकांसाठी थोडक्यात. पोर्टिंग देशभर २० जानेवारी २०११ ला सुरू झाले, त्याआधी २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात. ३ जुलै २०१५ पासून सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, ओलांडूनही नंबर नेता येतो. मेसेजमध्ये इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहायचे, एक जागा सोडून स्वतःचा नंबर टाकायचा आणि १९०० वर पाठवायचा. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो. १६ डिसेंबर २०१९ पासून हा कोड जुनी कंपनी देत नाही, मधली पोर्टिंग संस्था देते. थकबाकी आहे का, या कंपनीत ९० दिवस झाले का, नाव बदलण्याचा अर्ज प्रलंबित आहे का, कोर्टाची मनाई आहे का, एवढे जुन्या कंपनीकडून तपासून ती कोड काढते. कोड चार दिवस चालतो; जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्य भारतात तीस दिवस. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचे, केवायसी करायची, नवे सिम घ्यायचे. सर्कलच्या आत असेल तर कामाच्या तीन दिवसांत आणि सर्कलबाहेर असेल तर पाच दिवसांत नंबर हलतो. हलताना काही तास सेवा बंद राहते, बहुधा रात्री.

या साखळीत एक प्रश्न कोणीच विचारत नाही. नंबर ज्याच्या नावावर आहे तोच माणूस नव्या कंपनीच्या काउंटरवर उभा आहे का? नवी कंपनी समोरच्याची केवायसी करते आणि ती खरीही असू शकते, पण ती समोरच्याची असते. मधली संस्था थकबाकी पाहते, दिवस मोजते. ग्राहकाची संमती म्हणून सगळ्यांच्या हाती असतो तो एक कोड, आणि कोड फक्त एवढेच सिद्ध करतो की कोणीतरी, कधीतरी, त्या नंबरावरचा एक मेसेज वाचला.

मेसेज वाचण्याचे मार्ग किती स्वस्त झालेत, तेही पाहू.

सगळ्यात जुना मार्ग फोनचा. ‘तुमची केवायसी संपली, सिम आज रात्री बंद पडेल’ किंवा ‘फोरजीचे फाइव्हजी करून देतो’ असे सांगून माणसाकडूनच १९०० ला मेसेज पाठवून घेतात. मग आलेला कोड ‘व्हेरिफिकेशन नंबर’ म्हणून विचारतात. ओटीपी कोणाला सांगू नये, हे आता आजीआजोबांनाही पाठ झाले आहे. पण हा ओटीपी नसतो. अक्षरे आणि आकडे मिसळलेले काहीतरी असते, त्यामुळे मनात पाल चुकचुकत नाही.

दुसरा मार्ग छत्रीचा. एसटी स्टँडबाहेर, आठवडी बाजारात, कॉलेजच्या फाटकापाशी छत्री लावून सिम विकणारे प्रमोटर असतात. बहुतेक प्रामाणिक असतात, पण रोजचे टार्गेट डोक्यावर असते. ‘फक्त ऑफर बघून देतो’ म्हणत फोन हातात घेतला की १९०० ला मेसेज जायला दहा सेकंद लागतात. ‘अंगठा नीट लागला नाही, परत लावा’ म्हणून दुसऱ्यांदा घेतलेल्या अंगठ्यावर दुसरेच सिम निघू शकते. इथे चोरी बँकेच्या पैशांसाठीच असते असे नाही, कधी नुसत्या टार्गेटसाठीही नंबर हलतो. माणसाला मात्र तिसऱ्या दिवशी कळते की आपण आता दुसऱ्याच कंपनीचे ग्राहक झालो.

तिसरा मार्ग नवा आणि सगळ्यात वाईट आहे. व्हॉट्सॲपवर आरटीओच्या चलानाच्या नावाने किंवा लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल येते. ती उघडून ‘मेसेज वाचण्याची परवानगी द्या’ ला होकार दिला की ॲप आलेले मेसेज परस्पर पुढे पाठवू शकते आणि मेसेज पाठवण्याचीही परवानगी मिळाली असेल तर १९०० ला मेसेजही तेच करू शकते. फोनच्या मालकाने ना कोणाला काही सांगितलेले असते, ना कोड पाहिलेला असतो. तरी नियमाच्या लेखी त्याची संमती पूर्ण झालेली असते.

म्हणून आमच्या तक्रारी अशा आहेत.

पहिली, आणि बाकीच्या सगळ्या हिच्यातून निघतात: जो रस्ता चोराच्या ताब्यात जाऊ शकतो, त्याच रस्त्याने तुम्ही कोड पाठवता आणि त्याच कोडला पुरावा मानता. मेसेज फुटला की पुरावाही फुटला. पैसे हलवताना पिन लागतो, आधारवर नवे सिम घेताना बोट लागते. नंबर हलवताना दुसरे काहीच लागत नाही.

दुसरी, रद्द करण्याची खिडकी उलट्या बाजूला उघडते. इंग्रजीत ‘कॅन्सल’, मग नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवून पोर्टिंग थांबवता येते, पण अर्ज दाखल झाल्यापासून २४ तासांत. अर्ज चोराने दाखल केलेला असतो. ते २४ तास कधी सुरू झाले हे मूळ मालकाला कळणार कसे? ज्याला माहीत आहे तो रद्द करणार नाही आणि ज्याला रद्द करायचे आहे त्याला माहीत नाही.

तिसरी तक्रार दंडाच्या तराजूची आहे. योग्य पोर्टिंग विनाकारण नाकारले तर कंपनीला प्रत्येक प्रकरणात १० हजार रुपयांपर्यंत भुर्दंड लावण्याची तरतूद तुमच्या नियमांत आहे. ती असायलाच हवी. सुरुवातीच्या वर्षांत कंपन्यांनी ग्राहक अडवून धरले म्हणूनच ती आली. पण चुकीचे पोर्टिंग होऊ दिले, तर ज्याचा नंबर गेला त्याच्या हातात पडेल अशी भरपाई कुठे ठरलेली नाही. अडवले तर दंड आणि सोडले तर काही नाही, असे असताना कोणता कर्मचारी शंका आली म्हणून अर्ज थांबवील?

चौथी, नंबर गेल्यावरची टोलवाटोलवी. जुनी कंपनी म्हणते, ‘तुम्ही आता आमचे ग्राहक नाही.’ नवी म्हणते, ‘हा नंबर ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच माहिती देता येते.’ मधल्या संस्थेचा ग्राहकांसाठी काउंटरच नाही. ट्राय वैयक्तिक तक्रारी घेत नाही. पोलीस ठाण्यात सांगतात, आधी कंपनीचे पत्र आणा, आणि कंपनी म्हणते, आधी एफआयआर आणा. यात जे दिवस जातात, त्याच दिवसांत खाते रिकामे होते.

पाचवी, ९० दिवसांची अट. नंबर एकदा पोर्ट झाला की ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही. खऱ्या ग्राहकासाठी ठीक आहे. पण चोरीला गेलेला नंबर परत आणताना काउंटरवरचा मुलगा हीच अट दाखवतो, कारण त्याच्या संगणकाला ‘परत करा’ असा पर्याय माहीत नसतो. १९०० वर ग्राहकाला दोनच शब्द चालवता येतात, ‘पोर्ट’ आणि ‘कॅन्सल’. ‘माझा नंबर चोरला’ असे सांगायला तिसरा शब्द नाही.

परदेशी राहणाऱ्यांचे हाल आणखी वेगळे. दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत राहणारा मराठी माणूस इथला नंबर फक्त बँकेच्या ओटीपीसाठी रोमिंगवर जिवंत ठेवतो. फोन ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. रेंज गेली हे कळायलाच आठवडा जातो, आणि कळल्यावर ‘मूळ ओळखपत्र घेऊन कंपनीच्या गॅलरीत या’ असे उत्तर मिळते.

इथे थोडे थांबून वाचकांसाठी काही कामाच्या गोष्टी. आपल्याकडे लाईट गेली की टॉवर जातो, म्हणून रेंज नाही याचे कोणी फारसे मनावर घेत नाही. फरक असा ओळखा. त्याच कंपनीचे दुसरे सिम असलेला फोन शेजारी धरा. त्याला दांड्या दिसत असतील आणि तुमच्या फोनवर ‘नो सर्व्हिस’ असेल, तर दोष टॉवरचा नाही. मग दुसऱ्या फोनवरून स्वतःच्या नंबरवर रिंग द्या. रिंग वाजली आणि तुमचा फोन गप्प असेल, तर नंबर दुसऱ्याच्या खिशात आहे. रिंग वाजली नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, चोर फोन बंदही ठेवतो.

त्यानंतरचा क्रम महत्त्वाचा. पहिला फोन बँकेला: खाते, कार्ड आणि यूपीआय बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, कारण पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येते. जुन्या कंपनीला विचारताना ‘नेटवर्क नाही’ असे सांगू नका, नाहीतर ते फोन बंद करून चालू करायला सांगतील. ‘माझा नंबर पोर्ट आउट झाला आहे का, कोणत्या तारखेला आणि कोणत्या कंपनीकडे,’ असे नेमके विचारा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. घरात त्या कंपनीचे दुसरे सिम असेल तर त्यावरून १९८ हा तक्रारीचा क्रमांक लावा. नसेल तर कंपनीचा पूर्ण आकडी क्रमांक लागतो. मग नव्या कंपनीकडे ‘हे सिम तात्काळ बंद करा’ अशी मागणी लेखी द्या, पोच घ्या. पोलीस ठाण्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६-सी आणि ६६-डी, भारतीय न्याय संहितेचे कलम ३१९ आणि दूरसंचार कायदा २०२३ चे कलम ४२ सांगा. फसवणूक करून किंवा तोतयेगिरीने सिम मिळवणे हा या कलम ४२ खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही, हद्द कोणतीही असो, झिरो एफआयआर नोंदवावाच लागतो.

बँकेला लेखी कळवायला उशीर करू नका. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घातलेल्या नियमाप्रमाणे दोष तुमचा किंवा बँकेचा नसेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले असेल, तर तुमची जबाबदारी शून्य. बँकेने दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते. अडचण अशी की बँकेची ती सूचना पळवलेल्या नंबरावरच जाते. म्हणून खात्याला ईमेल जोडून ठेवा. आणि एक दार लोकांना माहीतच नसते: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याचे माहिती-तंत्रज्ञान सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या नुकसानभरपाईचा दावा त्यांच्यापुढे नेता येतो, बँकेविरुद्ध आणि मोबाइल कंपनीविरुद्धही. ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. मोबाइल कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

तर आता मागण्या.

१. कोड हा संमतीचा एकमेव पुरावा राहू नये. नव्या कंपनीने भरलेले नाव आणि जन्मतारीख जुन्या कंपनीच्या नोंदीशी मधल्या संस्थेत जुळवा. जुळले नाही तर अर्ज थांबवा आणि आधी जुन्या कंपनीत नंबर रीतसर नावावर करून घ्यायला सांगा. यात खोळंबा होणार, हे आम्हाला कळते. आपल्याकडे वडिलांच्या नावाचे सिम मुलगा वापरतो, नवऱ्याच्या नावाचे बायको वापरते. त्यांना एक चक्कर जास्त पडेल. ती चक्कर आम्हाला परवडते.

२. अर्ज दाखल होताच जुन्या सिमवर कॉल यावा. मेसेज नको, कारण मेसेज वाचणारे ॲप आधीच फोनमध्ये बसलेले असू शकते. कॉलवर ग्राहकाच्या भाषेत ऐकू यावे: ‘तुमचा नंबर अमुक कंपनीकडे जात आहे. थांबवायचा असेल तर एक दाबा.’ कॉल उचलला नाही तर पर्यायी नंबर आणि ईमेलवर कळवा. रद्द करण्याची मुदत २४ तासांची न ठेवता नंबर प्रत्यक्ष हलेपर्यंत ठेवा. कोडच्या मेसेजचे पहिले वाक्यही मराठीत आणि इशाऱ्याचे असू द्या.

३. नंबरला कुलूप द्या. आधारचे बायोमेट्रिक जसे लॉक करता येते, तसा नंबर ‘पोर्ट होणार नाही’ असा लॉक करता यावा, फुकट, आणि उघडायला ओळखपत्रासह गॅलरीत जावे लागावे. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, एफसीसीने, नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या नियमांत असे मोफत लॉक आहे. ऑस्ट्रेलियात एप्रिल २०२० पासून नंबर हलवण्याआधी ओळखीची जादा पडताळणी सक्तीची आहे. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ग्राहकाच्या नावावरचे सगळे नंबर आजही दिसतात, त्या प्रत्येकासमोर एक बटण वाढवायचे आहे. परदेशस्थांसाठी आणि ज्येष्ठांसाठी हे एक बटण बाकी सगळ्या मागण्यांच्या तोडीचे आहे.

४. चोरलेला नंबर २४ तासांत परत करा. तक्रार येताच नवे सिम दोन्ही बाजूंनी गोठवा: ना मेसेज जावा, ना यावा. खरा मालक कोण याचा निवाडा जुन्या कंपनीच्या केवायसीवरून करा. या परतीला ९० दिवसांची अट लागू नाही, हे नियमात स्वच्छ शब्दांत लिहा आणि काउंटरवरच्या संगणकात तसा पर्याय द्या.

५. पोर्ट झाल्याची खूण बँकांना द्या. सिम बदलल्यावर २४ तास मेसेज बंद ठेवण्याचा दूरसंचार विभागाचा आदेश आहे. पोर्ट झालेल्या सिमलाही तोच नियम निःसंदिग्धपणे लावा. खऱ्या ग्राहकाचा एक दिवस ओटीपीविना जाईल, जाऊ द्या.

६. सिम कोणत्या विक्रेत्याने, कुठून, किती वाजता चालू केले आणि तेव्हा घेतलेला फोटो, हे सगळे तक्रार येताच जपून ठेवा आणि ४८ तासांत पोलिसांना द्या. विक्रेत्यांची नोंदणी डिसेंबर २०२३ पासून सक्तीची आहे, नोंद नसलेल्यामार्फत सिम विकले तर कंपनीला दहा लाखांचा दंडही आहे. म्हणजे माहिती तुमच्याकडे असतेच. तीच मिळवायला आज महिने लागतात.

७. सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाका. ‘नियमानुसार पोर्टिंग झाले आहे’ हे उत्तर पुरे मानू नका. ग्राहकाने संमती दिली हे कंपनीने दाखवावे. नाही दाखवले तर ठरलेली भरपाई थेट ग्राहकाच्या खात्यात जमा व्हावी. बँकांना हे तत्त्व २०१७ पासून लागू आहे.

८. दर तिमाहीला किती पोर्टिंग विनापरवानगी झाल्याची तक्रार आली, किती नंबर परत गेले, किती दिवसांत, हे कंपनीवार जाहीर करा. पोर्टिंगच्या एकूण अर्जांचे आकडे ट्राय दर महिन्याला छापते, त्यातच एक रकाना वाढवा.

कंपन्यांना वेगळे सांगणे आहे. दुसऱ्या मागणीतला कॉल आणि सहावी मागणी मान्य करायला तुम्हाला ट्रायच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. ग्राहक सोडून जाऊ नये म्हणून कोड निघताच तुमचे ऑफरचे फोन सुरू होतात. त्याच फोनवर पहिले वाक्य ‘नंबर तुम्हीच हलवत आहात ना?’ असे असू द्या.

या आठही मागण्यांवर, कोणती मान्य, कोणती नाही आणि का, असे लेखी उत्तर मिळावे. उत्तर मराठीत आणि जाहीर असावे.

आपले,
मुंबई आणि महाराष्ट्र-गोवा सर्कलमधील मोबाइल ग्राहक